इंजिनातली मळी आणि एफडीतले दोन लाख

कळंब्याहून एका वाचकांनी लिहिलंय. वय ३६, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत सुपरवायझर, हातात पगार ४१ हजार, घरखर्च ३० हजार, एसआयपी ४ हजार. शिल्लक म्हणजे २ लाखांची एकच एफडी, ७ टक्क्यांची. पाच महिन्यांपूर्वी ओळखीच्या माणसाकडून २०१४ची डिझेल सेडान २ लाख ६० हजारांना घेतली. आईचे गुडघे गेलेत, एसटीची पायरी चढवत नाही आणि महिन्यातून दोनदा गडहिंग्लजला जावं लागतं, म्हणून. आता गाडी तापली आणि सिग्नलला उभी राहिली की ऑइलचा दिवा लुकलुकतो. उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी टॅपेट कव्हर उघडलं तर आत काळा थर, बोटानं खरवडून निघेल असा. इंजिन पूर्ण खोलून धुवायचे त्यांनी ६५ हजार सांगितले, क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, ग्राइंडिंगला टाकावा लागला तर वर ३० हजार. जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे त्या स्थितीत १ लाख ३० हजार देतो. भंगारातलं दुसरं इंजिन बसवून ७० हजारांत मिळतंय. आणि मेव्हणे म्हणतात, ऑइलमधला मळ सोडवणारं सहाशे रुपयांचं फ्लश ओता, दिवा विझला की विकून टाका. विचारलंय ते असं: एफडी मोडू, पर्सनल लोन काढू की गाडी काढून टाकू?

आधी एक आकडा वहीतून खोडा : २ लाख ६० हजार. पत्रात तो चार वेळा आलाय. ते पैसे गेले. गाडी दुरुस्त केलीत तरी ते परत येत नाहीत आणि विकलीत तरी नाहीत. आज तुमच्या दारात १ लाख ३० हजारांची वस्तू उभी आहे, तिथून हिशेब सुरू करायचा.

तुम्हीच चौकशी केलीय की हेच मॉडेल चांगल्या स्थितीत २ लाख ४० हजारांना जातं. म्हणजे बिघडलेली आणि धड गाडी यांत फरक १ लाख १० हजारांचा. मेस्त्रींच्या ६५ हजारांत मी १० हजार मिळवतो, कारण धुतलेल्या इंजिनात पहिलं ऑइल आणि फिल्टर हजार किलोमीटरच्या आत बदलायला हवं, दुसरं तीनेक हजारांवर. कोपऱ्यात राहिलेला मळ त्यात उतरतो. झाले ७५ हजार. अजून ३५ हजार हातात उरतात, म्हणजे दुरुस्ती परवडते. पण क्रँक गेला असेल तर खर्च १ लाख ५ हजार आणि फायदा ५ हजार. एवढ्यासाठी महिनाभर गाडी गॅरेजात आणि जीव टांगणीला, हा सौदा मी कुणाला सांगणार नाही.

तेव्हा सगळा निर्णय क्रँकवर येऊन थांबतो आणि क्रँक अजून कुणी पाहिलेला नाही. मेस्त्रींनी वरचं झाकण उघडलंय. काहिलीत रस उकळताना मळी वर येते, ती झाऱ्यानं काढता येते. इंजिनात उलटं असतं: वर दिसणारा थर बघायला भयंकर, पण नुकसान खाली होतं. ऑइल वेळेवर बदललं नाही की ते तापून तापून घट्ट होतं, डिझेलची काजळी त्यात मिसळते. गाडी रोज तीन-चार किलोमीटरच फिरत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ उडून न जाता ऑइलमध्येच मुरते. हा चिकटा शेवटी चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या, पंपाच्या जाळीवर बसतो. जाळी बुजली की पंपाला ऑइल कमी, पंपाला कमी म्हणजे क्रँकच्या बेअरिंगला कमी, टर्बोला कमी.

आणि तोच दिवा चार कारणांनी लुकलुकतो. दिवा लावणारा प्रेशर स्विच खराब असेल तर काही शे रुपयांचं काम. जाळी बुजली असेल तर काही हजारांचं. पंप झिजला असेल तर त्याहून जास्त, बेअरिंग खाल्ली असतील तर लाखाच्या घरात. यातलं कुठलं आहे हे न बघता ६५ हजारांना हो म्हणणं म्हणजे पत्ते न उचलता बोली लावणं.

म्हणून काम टप्प्यानं द्या. पहिल्यांदा दिव्याचा स्विच काढून तिथे साधा गेज लावून, इंजिन तापल्यावर ऑइलचं प्रेशर मोजायला सांगा, आणि कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब. मग हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, हात न लावता फक्त खालचं चेंबर उतरवायचं, जाळी बघायची, एक-दोन बेअरिंगच्या कॅप खोलून आतला पृष्ठभाग बघायचा. ओरखडे असतील, तांबूस थर उघडा पडला असेल तर क्रँकचं काम निघालंच म्हणून समजा. टर्बोची दांडी बोटानं हलवून किती खेळते तेही तेव्हाच बघून घ्या. या सगळ्याला ५-६ हजारांच्या वर जाऊ नये, आणि यातलं महत्त्वाचं हे की चेंबर परत बसवता येतं. गाडी उघडून पडलेली नसते, व्यापाऱ्याचे १ लाख ३० हजार शाबूत असतात. एकदा हेड उतरलं आणि इंजिन पाटावर तुकड्यांत मांडलं की तोच व्यापारी ८० हजारांवर येईल, कारण तुम्ही अडलात हे त्याला दिसतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या जुन्या गाडीचं वरचं काम एका गॅरेजनं छान करून दिलं होतं, हेड चकाचक, बिल ३८ हजार. खाली कुणी पाहिलंच नाही, मीही विचारलं नाही. दोन महिन्यांनी तवंदी घाटात बेअरिंग वाजायला लागलं. ते ३८ हजार आणि टोचनचे पैसे, दोन्ही माझ्या खिशातून.

बेअरिंग चांगली निघाली तर पूर्ण खोलायला हो म्हणा, पण मर्यादा आजच लिहून ठेवा: ऑइलचे धरून ८० हजार. मेस्त्रींनाही सांगा की त्याच्या वर जाणारं काही निघालं तर हात थांबवून फोन करायचा. कामात काय काय धरलंय तेही विचारून घ्या. हेड गॅस्केट, हेड बोल्ट, सील, टायमिंग चेनचा सेट नवे येणार का? ब्लॉकमधल्या ऑइल गॅलरीचे, म्हणजे ऑइलच्या वाटांचे, प्लग काढून आतून ब्रश आणि हवा मारणार, की नुसतं डिझेलनं धुणार? टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी साफ होणार की बदलणार? गॅलरीत राहिलेला एक खडा पुढे नव्या बेअरिंगवर जाऊन बसतो, म्हणून या प्रश्नाला लाजू नका. एक बरं आहे, तुम्ही कोल्हापुरात आहात. शेतीपंपांची ऑइल इंजिनं घडवलेलं हे गाव. क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, बोअरिंग सगळं उद्यमनगरातच होतं. तुम्ही तर फौंड्रीतले, कास्टिंग आणि मशीनिंग बघून कळणारे. एक रजा टाका आणि चेंबर उतरताना तिथे उभे राहा.

भंगारातल्या इंजिनाचा मोह सोडा. त्याच्या आत काय आहे ते तुम्हाला, मेस्त्रींना आणि विकणाऱ्यालाही माहीत नाही. २०१९ आणि २०२१च्या पुरात आपल्याकडे किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते आपण डोळ्यांनी पाहिलंय, त्यांची इंजिनं कुठेतरी गेलीच असणार. शिवाय इंजिन नंबर बदलला की आरटीओत आरसीवर तशी नोंद करावी लागते. ती राहिली तर विम्याच्या क्लेमला आणि गाडी नावावर करताना अडतं. विम्यावरून आठवलं: तुमच्या पॉलिसीतून या कामाला काही मिळणार नाही. झीज आणि देखभालीतली हयगय मोटार विम्यात बसत नाही.

मेव्हण्यांचं फ्लश नको. इतक्या जुन्या थराला औषध लागलं की त्याचे पापुद्रे सुटतात आणि थेट जाळीत जाऊन बसतात. आज लुकलुकणारा दिवा मग विझणारच नाही. आणि समजा, विझला. गाडी घेणारा दुसरा कुणी ३६ वर्षांचा पगारदारच असेल. तुम्हाला ज्यानं विकली त्याच्याबद्दल पत्रात जे शब्द लिहिलेत, ते परत वाचून बघा.

पैसे कुठून आणायचे, ते सोपं आहे. ६० हजार पर्सनल लोन १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता सुमारे २,८८० आणि व्याज ९ हजारांच्या वर. तुमची बँक एफडीवर साडेआठ टक्क्यांनी कर्ज देते. तेच ६० हजार वर्षभरात फेडले तर हप्ता सव्वापाच हजारांच्या आसपास, व्याज साधारण २,८००, आणि एफडी आपले ७ टक्के मिळवत राहते. एसआयपी देऊन महिन्याला तुमच्याकडे ७ हजार उरतात, त्यात हा हप्ता बसतो. वरचे ५ हजार पगारातून, ऑइल बदलायचे पैसे नंतर लागतील तसे. एफडी मोडू नका, एसआयपी थांबवू नका. मात्र कर्ज फिटेपर्यंत तुमची अडीअडचणीची गंगाजळी २ लाखांची नाही, १ लाख ४० हजारांची आहे, म्हणजे साडेचार महिन्यांच्या खर्चाएवढी. त्या वर्षात दुसरं काही मोठं काढू नका.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न : गाडी हवीच का? गडहिंग्लजची भाड्याची गाडी जाऊन-येऊन अडीच हजार घेते, म्हणजे महिन्याला ५ हजार. तुमच्या गाडीला डिझेल, विमा, सर्व्हिसिंग धरून मी ३,२०० मांडतो आणि ७५ हजारांची दुरुस्ती तीन वर्षांवर पसरली की आणखी २,१००. जवळपास बरोबरीत सुटतं. म्हणजे पैशासाठी गाडी ठेवायचं कारण नाही आणि पैशासाठी काढायचंही नाही. रात्री-अपरात्री आईंना दवाखान्यात न्यायला दारात गाडी असणं तुम्हाला किती मोलाचं वाटतं, ते घरात ठरवा. विकून पुन्हा दुसरी जुनी गाडी घ्यायचा विचार मात्र मला पटत नाही. तिचं इंजिन तुम्ही पाहिलेलं नसेल. हे खोलून धुतलंत तर त्यातलं प्रत्येक बेअरिंग तुमच्या नजरेखालून गेलेलं असेल. २०२९ मध्ये पंधरा वर्षं पुरी होतील, तेव्हा आरसीच्या नूतनीकरणाला फिटनेस आणि ५ हजारांची फी लागेल. पुढचा विचार तेव्हा.

क्रँक खराबच निघाला तर चेंबर लावा, व्यापाऱ्याला बेअरिंगचं खरं सांगा, १ लाख ३० हजार कदाचित १ लाख १५ होतील, ते घ्या. वर्षभर भाड्याच्या गाडीनं जा.

गेजचा आकडा कळेपर्यंत गाडी दारातून हलवू नका, उद्यमनगरात न्यायची तरी टोचन करून. या पंधरवड्याची गडहिंग्लजची खेप भाड्याच्या गाडीनं करा, अडीच हजार गेले तर जाऊ देत.