वादाचे प्रकार कोणते, आणि वाद जिंकण्यासाठीच घालायचा असतो का?

नाही, फक्त जिंकण्यासाठी नसतो. पुण्यात मी कॉलेजच्या मुलांची वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेते. तुमचा हा प्रश्न तिथे दरवर्षी पहिल्याच दिवशी येतो.

न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, याचं फार नेमकं उत्तर आहे. खरं काय ते दोघांनी मिळून शोधायचं, तो वाद. काहीही करून जिंकायचंच, मग त्यासाठी समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ काढावा लागला तरी चालेल, तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची नुसती खोडत बसायचं, ती वितंडा. 'वितंडवाद' शब्द तिथलाच.

ॲरिस्टॉटलने भाषणांची वाटणी काळावरून केली. कोर्टात झालेल्या गोष्टीचा न्याय, सभेत पुढे काय करावं याचा निर्णय, आणि समारंभात आजची स्तुती किंवा निंदा. रोजच्या व्यवहारात मला ही वाटणी जास्त कामाला येते.

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीची मीटिंग होती. विषय टँकरचा खर्च. दीड तास गेला तो "बोअर आटली तेव्हा कमिटी काय करत होती?" यातच. जुनी बिलं निघाली, आवाज चढले. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, ते झालं. सोमवारपासून टँकर किती मागवायचे?" तेव्हा कुठे वहीत पहिला आकडा पडला. तोवर सगळे 'केलं', 'झालं', 'सांगितलं होतं' असंच बोलत होते. म्हणून मुलांना सांगते, समोरच्याचं क्रियापद ऐका. सभेत बसून तो कोर्ट चालवतोय का, ते लगेच कळतं.

काळ एकच असला तरी प्रश्न वेगवेगळे असू शकतात, हे मात्र लक्षात ठेवा. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचं किमान वय, १० वरून १२ वर नेलं, तेव्हा पुण्यात रान पेटलं होतं. परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत का पडावं, हा टिळकांचा मुद्दा. शास्त्र याच्या आड येत नाही, हे संस्कृत पंडित रा. गो. भांडारकर ग्रंथांच्या आधारे दाखवत होते. आगरकरांचं 'सुधारक' हे वृत्तपत्र विधेयकाच्या बाजूने उभं होतं. अधिकार कोणाचा, शास्त्र काय म्हणतं, मुलींचे हाल कसे थांबतील, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर देऊन दुसरा सुटत नाही. स्पर्धेचा विषय हातात आला की आधी असे प्रश्न सुटे करून कागदावर लिहा, मग बाजू निवडा.