शिवी आपलीशी होते तेव्हा: ‘घाटी’, ‘अक्करमाशी’ आणि ‘हिजडा’

दादरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, ज्या समाजाला हिणवण्यासाठी एखादा शब्द वापरला गेला, त्याच समाजाने तो अभिमानाने स्वतःसाठी वापरायला सुरुवात केली, तर त्या क्रियेला मराठीत काय म्हणावे. ‘दलित’ हा अशा शब्दांत मोडतो का. आणि आपण मराठी माणसे आपापसांत ‘घाटी’ म्हणतो, तर इतरांनी म्हटल्यावर आपल्याला राग का यावा.

पहिल्या प्रश्नाला अलीकडे ‘पुनर्ग्रहण’ असे उत्तर दिले जाते. मला तो शब्द पटत नाही. परत घ्यायची ती वस्तू आधी आपली असावी लागते, आणि बहुतेक शिव्या त्या त्या समाजाच्या कधीच नव्हत्या. त्या बाहेरून फेकल्या गेल्या होत्या. त्यामुळे बोलताना ‘शिवी आपलीशी करणे’ आणि औपचारिक लेखनात ‘अपशब्दाचा अंगीकार’ हे प्रयोग मला अधिक नेमके वाटतात. ‘अंगीकार’ या शब्दात स्वतःच्या इच्छेने घेतल्याचा भाव आहे, आणि सगळा प्रश्न त्या इच्छेचाच आहे.

या अंगीकाराचे मराठीतले सर्वांत धारदार उदाहरण शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाच्या नावात आहे. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा माशांचे सोने म्हणजे एका माशाने उणे, खोटे. सराफाच्या तराजूवरचे हे माप गावाने माणसाला लावले आणि लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला ‘अक्करमाशी’ म्हटले. लिंबाळे यांची आई महार आणि वडील पाटील. त्यांच्यावर ही शिवी जन्मापासून लादलेली होती. ती त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापली आणि त्यामुळे तिची दिशाच पालटली. तोपर्यंत या शब्दाने मुलाची लाज सांगितली जात होती. पुस्तकानंतर तो मुलाला उणे मोजणाऱ्या तराजूविषयी प्रश्न विचारू लागला. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ च्या ‘उचल्या’चेही तसेच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना सरसकट जन्मजात गुन्हेगार ठरवले होते, आणि पोलिसांच्या नोंदीतला तो कलंक लेखकाने साहित्याच्या नोंदीत स्वतःच्या हाताने लिहिला.

‘दलित’ मात्र या रांगेत बसत नाही. तो कुणी शिवी म्हणून दिलेला शब्द नव्हता. पूर्वीपासून वापरात असलेला हा शब्द १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने लढाऊ ओळख म्हणून पुढे आणला. तो निवडलेला शब्द आहे, उलटवलेला नव्हे. त्याच्या शेजारी ‘हरिजन’ ठेवून पाहिला की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. अर्थाने तो किती गोड आहे! तरीही जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्तीतून ‘हरिजन’ हे नाव अधिकृत होऊ लागले, तेव्हा भाऊराव गायकवाड यांनी त्याला विरोध केला आणि डॉ. आंबेडकरांसह स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. गोड नाव नाकारले गेले आणि ‘अक्करमाशी’सारखे विखारी नाव स्वीकारले गेले, यात मला काहीही विसंगती दिसत नाही. शब्दाचा कोशातला अर्थ चांगला की वाईट, यापेक्षा ते नाव ठेवण्याचा अधिकार कोणी वापरला, हे दोन्ही वेळा निर्णायक ठरले.

आता ‘घाटी’. गिरणगावात हा शब्द मुळात केवळ ठिकाण सांगणारा होता. लालबाग-परळच्या चाळींत रत्नागिरीकडचे ते कोकणी आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यापलीकडून, साताऱ्याकडून आलेले ते घाटी. कोकणातल्या माणसाच्या तोंडी तो तेव्हाही थोडा चिडवणारा होता, पण त्यात शेजाराचा सलोखा होता. पुढे मुंबईतल्या अमराठी, विशेषतः इंग्रजी शाळांत शिकलेल्या वर्गाने तो साऱ्याच मराठी माणसांना चिकटवला, इतका की साताऱ्याच्या माणसाला घाटी म्हणणाऱ्या कोकण्याचा नातूही त्या वर्गाच्या लेखी घाटीच ठरला. हमाल, घरगडी, गिरणीकामगार यांच्या रोजच्या दर्शनातून तो शब्द ‘गावंढळ’ या अर्थाकडे सरकला.

हा शब्द आपण कितपत आपलासा केला आहे, हे पाहायचे तर कोणत्याही कचेरीतल्या जेवणाच्या टेबलाकडे नीट लक्ष द्यावे. ठेचा आणि भाकरीचा डबा उघडत एखादा सहकारी म्हणतो, “आपण घाटी माणसं, आपल्याला हे लागतंच,” आणि शेजारचे मराठी सहकारी खुशीने हात पुढे करतात. त्याच टेबलावर कुणी त्याला “काय घाटी उच्चार आहेत तुझे” असे म्हटले, तर हसू मावळते. पहिल्या वाक्यात ‘घाटी’ हे माणसाचे नाव आहे, दुसऱ्यात ते उच्चाराला लावलेले दूषण आहे. माझ्या ऐकण्यात तरी, आपण नाव म्हणून ‘घाटी’ अंगीकारला आहे. कपडे, उच्चार आणि आवड यांना लागणारे ‘घाटी’ हे विशेषण अजून कुणीही आपले मानलेले नाही.

राग का येतो, याचे उत्तर आपल्या सर्वनामांत दडलेले आहे. ऐकणाऱ्याला सोबत घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा भेद मराठीत स्पष्ट आहे. अंगीकारलेला अपशब्द या दोन सर्वनामांतच सुखाने राहतो: “आपण घाटी” असे घरात, “आम्ही घाटी” असे बाहेरच्याला ठणकावून. बाहेरच्या माणसाला यातले एकही सर्वनाम खरेपणाने वापरता येत नाही. त्याच्याकडे उरतात ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘ते’, आणि त्यांच्याबरोबर तोच शब्द पुन्हा शिवी होतो. समूहातील माणसांनी तो वापरला म्हणून सर्वांना परवाना मिळाला, हा युक्तिवाद त्यामुळे भाषेच्या पातळीवरच टिकत नाही.

कायद्यानेही हीच दिशा धरली आहे. २००८ मध्ये स्वर्णसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर ‘चमार’ हे जातीचे नावच आहे, मग त्यात अपमान कसला, असा प्रश्न होता. न्यायालयाने व्युत्पत्तीकडे न पाहता लोक आज तो शब्द कोणत्या अर्थाने वापरतात हे पाहिले, आणि अपमान करण्याच्या हेतूने तो उच्चारणे अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, असे सांगितले. पंजाबात मात्र त्याच समाजातील गायक तेच नाव अभिमानगीतांत गातात. निकाल आणि गाणी यांत विरोध नाही, कारण बोलणारा आणि त्याचा हेतू दोन्ही वेगळे आहेत.

‘हिजडा’ हा शब्द थोडा निराळा आहे. गुरू-चेल्यांच्या परंपरेत ते समाजाचे स्वतःचे नाव होते. बाहेरच्यांनी ‘भेकड, नामर्द’ या अर्थाने वापरून त्याची शिवी केली. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी २०१२ मध्ये आपल्या मराठी आत्मकथनाच्या शीर्षकात तो लावला, तेव्हा जुने घर परत घेतल्यासारखे झाले. ‘पुनर्ग्रहण’ हा शब्द मी फक्त इथेच मान्य करीन. ‘छक्का’ला मात्र असे पूर्वीचे घर नाही. त्या समाजातील काहीजणी तो थट्टेने एकमेकींना म्हणत असतील, पण तेवढ्यावरून त्याचा अंगीकार झाला असे समजू नये.

भगिनींना लेखनासाठी सल्ला हवा आहे. असा शब्द संबंधित व्यक्तीच्या तोंडी असेल तर तो न बदलता, अवतरणात, तिच्याच नावाने द्यावा. त्याच्या जागी ‘तृतीयपंथी’ किंवा ‘मागासवर्गीय’ असा सभ्य पर्याय घातला, तर तिने केलेला अंगीकारच पुसला जातो. निवेदन स्वतःचे असेल तर तो शब्द टाळावा आणि त्या समूहाने सार्वजनिक व्यवहारात निवडलेले नाव वापरावे. कोशात अशा शब्दाला ‘तुच्छतादर्शक’ ही खूण कायम ठेवावी आणि तिच्याखाली ‘समूहांतर्गत, अभिमानदर्शक’ अशी दुसरी नोंद द्यावी. दोन्ही नोंदी शेजारी छापल्या गेल्या, तरच कोश पाहणाऱ्याला आजचा वापर पुरता कळेल.