रेप्लिका मॅगव्हील घ्यावेत की ओरिजिनल ब्रँडचे? बजेट २५ हजार

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१९ ची स्विफ्ट, लोखंडी डिस्कवाली (म्हणजे साधी लोखंडी रिम, मॅग म्हणजे अलॉयची नाही), गाव दर्यापूरकडे, हाताशी २५ हजार. आणि दुकानदार म्हणतो, रेप्लिका अन् ओरिजिनल एकाच भट्टीतून निघते. हेच वाक्य आमच्या भाऊजींनी मला इतक्यांदा ऐकवलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

रेप्लिका, म्हणजे नावाजलेल्या रिमच्या नक्षीची नक्कल, घेऊ नका. भट्टीचं सोडा, प्रश्न चाचणीचा आहे. नावाची कंपनी रिम १३ अंशांत तिरकी ठेवून तिच्यावर वजन आपटून पाहते, वळणाचा भार देऊन ती थकेपर्यंत फिरवते. नक्कल करणारा नक्षी उचलतो, चाचणी उचलत नाही.

भाऊजींनी घेतले ते सहा दांड्यांचे, रेज या जपानी कंपनीच्या टीई ३७ रिमची नक्कल. दिसायला झकास, खोटं कशाला बोलू. पण १४ ची डिस्क काढून थेट १७ इंची रिम आणि २०५/४५ चं टायर (२०५ मिलिमीटर रुंद, उंची त्याच्या ४५ टक्के). म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये जिथे १३२ मिलिमीटर रबर होतं, तिथे उरलं ९२. त्या रिमांच्या जोरावरच चुलतभावाच्या लग्नात त्यांची गाडी नवरदेवाची गाडी ठरली. मे महिना, वणीकडचा कोळशाच्या ट्रकांचा रस्ता, वऱ्हाड मागे. काळ्या मातीवरचा डांबर पावसाळ्यात कसा फुगतो अन् उन्हाळ्यात कसा खचतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. खाडकन आवाज झाला आणि गाडी डावीकडे बसली.

उतरून पाहिलं तर मागच्या रिमच्या आतल्या कडेचा टवका उडालेला, तिथून दांडीच्या बुडापर्यंत चीर. तुटलेल्या जागी बारीक बारीक भोकं दिसत होती, ओतताना हवा अडकलेली. बरं, स्टेपनी होती, जॅक होता. पण नट निघेनात! त्या रिमची नटाची भोकं अरुंद, म्हणून दुकानदाराने खाचांचे फॅन्सी नट दिलेले. त्यांची चावी वेगळी, आणि ती चावी घरी कपाटात, बिलासोबत. नवरदेव फेटा सांभाळत बाभळीखाली उभा, बँडवाल्याचे फोनवर फोन. शेवटी त्याला माझ्या बोलेरोत मागे कोंबला, आजी आणि पाण्याच्या कॅनच्या मधोमध. भाऊजी गाडीजवळ थांबले, जेवायच्या पंगतीलाच पोचले.

अजूनही दिवाळीत विषय निघाला की म्हणतात, "खड्ड्यानं फुटली बाप्पा, रिमचा काय दोष त्यात? कंपनीचीही फुटली असती." मी म्हणतो, भाऊजी, त्याच खड्ड्यातून माझी बोलेरो तुमच्या मागून आली. लोखंडी डिस्क फार तर वाकते, पंक्चरवाला ठोकून काम चालवून देतो. मॅगला चीर गेली की वेल्डिंग मारून वापरायचं नसतं, ती भंगारात.

आता तुमचं. २५ हजारात रेज, बीबीएस ही महागड्या ब्रँडची नावं विसरा. तुम्हाला हवे ते स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलचे कंपनीचे १५ इंची मॅग. ४×१०० चा पीसीडी (चार नट, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर), ५४.१ मिलिमीटरचं मधलं हबचं भोक, सगळं जसंच्या तसं बसतं, टायर १८५/६५. नागपूर-अमरावतीला हौशी लोक नव्या गाडीचे हे काढून मोठे घालतात आणि काढलेले विकतात. घेताना टायर उतरवून बॅलन्सिंगच्या मशीनवर रिकामी रिम फिरवायला सांगा. आतल्या बाजूला ताजा रंग दिसला तर समजा काहीतरी झाकलंय.

नवेच घ्यायचे तर रिम उलटी करा. बनवणाऱ्याचं नाव, साइज, ऑफसेट (रिम आत-बाहेर किती बसते तो आकडा), किती किलोचा भार, हे ओतीव अक्षरांत हवं. आयएसआयचा मार्क आणि आयएस १६१९२ (अलॉय रिमचं भारतीय मानक) हवं. नुसत्या जेडब्ल्यूएल या जपानी खुणेवर भाळू नका, ती बनवणाऱ्याची स्वतःची घोषणा असते. व्हीआयए हा दुसरा जपानी शिक्का त्रयस्थाच्या चाचणीनंतर मिळतो. अर्थात साच्यात अक्षरं कोणीही कोरू शकतो, म्हणून पक्कं बिल मागा. "कच्च्यात स्वस्त पडेल" म्हणाला की उठा.

एक मात्र मान्य करतो, भाऊजींसमोर करत नाही: १७ इंचीवर ओरिजिनललाही त्या खड्ड्यात त्रास झालाच असता, आणि बोलेरोचं टायर जाडजूड, त्यामुळे माझी तुलना तेवढी सरळ नाही. काही रेप्लिकावाले चाचणी करूनही विकतात. पण ते ओळखायचे कसे, हे दुकानात उभं राहून तुम्हाला-मला जमणार नाही.

विमा कंपनीला कळवून मॅग पॉलिसीत चढवून घ्या. बसवल्यावर शंभरेक किलोमीटरच्या आत नट पुन्हा कसा. जुन्या डिस्का दुकानदार एक्स्चेंजमध्ये भंगाराच्या भावात मागेल, देऊ नका. १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ यांचा एकूण घेर जवळपास सारखाच पडतो, त्यामुळे स्टेपनीला जुनी डिस्क चालते. फक्त नट दोन्हींना बसतात का, ते दुकानातच एक चाक काढून-लावून बघा, गाडीतल्या पान्याने.