फ्रेंच येत नसताना टोरंटोहून गास्पेला गाडीने जावं का?

तुम्ही विचारलंय की फ्रेंचचा गंधही नसताना, आईवडील आणि लहान मूल बरोबर घेऊन, टोरंटोहून क्युबेकमधल्या गास्पे द्वीपकल्पाला गाडीने जाणं झेपेल का. सुट्टी जुलैच्या शेवटी मिळतेय, असंही लिहिलंय. झेपेल. पण जुलैच्या शेवटी जाऊ नका. आम्ही नेमके तेव्हाच गेलो होतो, आणि लग्नाला अकरा वर्षं झाली त्यात बायकोशी जेवढा तोडून बोललो नसेन तेवढा त्या तीन दिवसांत बोललो.

आम्ही पाच जण होतो. मी, बायको, आठ वर्षांची लेक, आई आणि आबा. आबा सातारा विभागात तीस वर्षं एसटीचे चालक होते. पसरणी आणि आंबेनळी हे घाट त्यांना हाताच्या रेषांसारखे पाठ. इथे परवाना नसल्यामुळे ते शेजारी बसायचे आणि वळण आलं की उजवा पाय पायपुसणीवर दाबायचे.

ओंटारियोचा 401 महामार्ग सीमेवर संपतो आणि तोच रस्ता पुढे क्युबेकचा 20 नंबर होतो. पाट्या तिथल्या तिथे बदलतात. 1977 च्या भाषा कायद्यापासून क्युबेकमध्ये फ्रेंचचाच मान, त्यामुळे पाटीवर खाली इंग्रजी असेल ही आशा सोडा. पॅरिसमध्येसुद्धा थांबण्याच्या लाल पाटीवर ‘स्टॉप’ लिहितात. इथे लिहितात ते उच्चारी जवळजवळ ‘आरे’ होतं. लेकीने पहिल्याच चौकात ‘आरे!’ असं ओरडून सांगितलं आणि आबा दचकून म्हणाले, “आता काय झालं?”

दिशांचा घोळ मात्र खरा त्रासाचा. उत्तर, दक्षिण आणि पूर्व यांची आद्याक्षरं इंग्रजीसारखीच, पण पश्चिमेसाठी ‘ओ’. दमलेल्या डोक्याला तो ‘ओ’ शून्य वाटतो. माँट्रियलमध्ये मी तसाच एका चुकीच्या उतारावर गेलो आणि नदीपलीकडे पोहोचलो. शिवाय बाहेर पडायचा फाटा कधीकधी डाव्या बाजूला येतो, नारिंगी शंकूंनी निम्मा रस्ता अडवलेला असतो आणि मोबाईलमधली बाई फ्रेंच नावं इंग्रजी वाचल्यासारखी वाचते. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची बरीच अक्षरं बोलतच नाहीत. एका गावाच्या नावात ती म्हणते ‘लूप’, माणसं म्हणतात ‘लू’. तिचा आवाज बंद करून बायकोला पाट्या वाचायला लावलं, तेव्हा कुठे रस्ता सापडला. तुम्हाला शहर बघायचं नसेल तर 30 नंबरच्या वळणरस्त्याने बाहेरून निघून जा. पुलावर टोल आहे, पण तो द्या.

शहरात शिरलातच तर दोन गोष्टी. माँट्रियल बेटावर लाल दिव्याला उजवीकडे वळता येत नाही. ओंटारियोत सवय असते, हात आपोआप वळतो. मी वळलो, आणि मागच्याने असा हॉर्न दिला की स्वारगेटची आठवण झाली. दुसरी गोष्ट पार्किंगच्या पाट्यांची. एकाखाली एक चार-चार पाट्या असतात. आमच्या खोलीखालच्या पाटीवर ‘मार’ अशी तीन अक्षरं, पुढे सकाळची वेळ. मी म्हटलं, मार म्हणजे मार्च, आपण जुलैत आहोत, चिंता नाही. मार म्हणजे मार्दी, मंगळवार. त्या दिवशी झाडणाऱ्या गाडीसाठी ती बाजू रिकामी ठेवायची असते. आम्ही सोमवारी रात्री पोहोचलो होतो. मंगळवारी सकाळी वायपरखाली दंडाचा कागद होता, फ्रेंचमध्ये, आणि तो तरी मला पहिल्या झटक्यात कळला. चूक सर्वस्वी माझी. वारांची सात नावं पाठ करायला पाच मिनिटं लागतात, मी ती पाच मिनिटं चिवडा भरण्यात घालवली होती.

त्या कागदापायी निघायला उशीर झाला आणि सगळा दिवस एकापाठी एक घसरत गेला. क्युबेक सिटी नदीपलीकडून नुसतं पाहिलं, रिमूस्कीला अंधारायला आलं, मातानला पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. खोली आधी घेतली नव्हती. ‘एवढ्या लांब कोण येतंय, मिळेल एखादी’ असं मीच म्हणालो होतो. मोटेलबाहेर दिव्याची पाटी, ‘कोंप्ले’. बायको इंग्रजी वळणाने वाचून म्हणाली, “कम्प्लीट लिहिलंय, म्हणजे सगळ्या सोयी असतील.” पुढच्या मोटेलवर तेच, त्यापुढच्यावर तेच. चौथ्या ठिकाणी उतरून विचारलं तेव्हा कळलं की कोंप्ले म्हणजे भरलं, जागा नाही.

आता जुलै का नको ते सांगतो. क्युबेकमध्ये जुलैचे शेवटचे दोन पूर्ण आठवडे बांधकाम क्षेत्राची सक्तीची सुट्टी असते. बांधकामवाले तर जातातच, त्यांच्याबरोबर इतर अर्धा प्रांतही सुट्टी टाकतो आणि बराचसा समुद्राकडे, म्हणजे गास्पेकडे निघतो. दिवाळीच्या सुट्टीत बुकिंग न करता महाबळेश्वरला गेल्यावर जे होतं तेच. रात्री साडेदहाला पुढच्या गावात एका म्हाताऱ्या बाईंच्या घरगुती मुक्कामाच्या जागेत एक खोली मिळाली. पाच माणसं, दोन पलंग. आबा म्हणाले, “स्टँडावर झोपलोय मी, ही तर सोय झाली.”

सकाळी त्या बाईंनी प्रेमाने नाश्ता मांडला. त्यात एका मातीच्या भांड्यात तपकिरी उसळ. आई पक्की शाकाहारी, आदल्या दिवशी ब्रेड-केळ्यांवर होती, तिचा चेहरा उजळला. चमचा तोंडाशी नेणार तेवढ्यात लेकीने बाईंना पदार्थाचं नाव विचारलं. ‘फेव्ह ओ लार’. लार म्हणजे डुकराची चरबी. दिसायला वालाची उसळ, गोडसर, आणि आत मांस. इकडचं वाटाण्याचं सूपही बहुधा हॅम घालूनच असतं, आणि पुतीन म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या फोडी नि चीज, त्यावरचा रस्साही सहसा मांसाच्या अर्काचा. तुमच्याकडे कुणी शाकाहारी असेल तर ‘सां व्हियांद’, मांसाविना, हे दोन शब्द घोका, आणि तरीही थेपले न्या.

सेंत-फ्लावी गावापासून 132 नंबरचा रस्ता द्वीपकल्पाला वळसा घालून परत तिथेच येतो, एकूण नऊशे किलोमीटरच्या आसपास. मातानपासून पुढे तो डोंगर आणि सेंट लॉरेन्स नदीच्या पाण्याच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जातो. डावीकडे पाणी, उजवीकडे कडा. ते बघायला तरी जाच. मधेच रस्ता कड्यावर चढतो आणि सरळ खाली गावात उतरतो, टक्क्यांत उताराचा आकडा लिहिलेला, खाली ट्रकवाल्यांना इंजिनाचा ब्रेक वापरण्याची सूचना. ती पाटी आबांना कोणी वाचून दाखवली नव्हती. पहिल्याच उतारावर ते कडाडले, “आरं, इंजनावर उतार की! बिरेक जाळतोस का काय? ज्या गेरात चढशील त्याच गेरात उतरायचं.” ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर टाकता येतो हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास, ग्रांद-व्हालेच्या अलीकडे, समोर पिवळा दिवा लागला, कढईत उद्गारचिन्ह ठेवल्यासारखा. टायरमधली हवा उतरत होती. मोबाईलला रेंज नाही. त्या किनाऱ्यावर असे टप्पे बरेच आहेत. डिकी उघडली तर स्टेपनीच्या जागी एक बाटली आणि छोटा पंप. आबा बघतच राहिले. “स्टेपनी न्हाई? मग ही कसली गाडी?” बाटलीतलं औषध टायरमध्ये सोडून रांगत रांगत निघालो. मी मोबाईलमध्ये उतरवून घेतलेल्या कोशात आधीच बघून ठेवलं होतं: देपानर, म्हणजे रस्त्यात बंद पडलेली गाडी दुरुस्त करणारा. आणि गावात शिरताच समोर मोठ्या अक्षरांत तीच पाटी! मला रडू यायचं बाकी होतं.

आत दूध, बिअर, लॉटरीची तिकिटं आणि बटाट्याचे वेफर. कोशातला अर्थ फ्रान्समधला. क्युबेकमध्ये देपानर म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान.

मी काउंटरवरच्या बाईंना ‘पंक्चर’ तीन प्रकारे म्हणून दाखवलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. आबा मागून पुढे आले, तोंडाने ‘फुस्स’ केलं आणि हाताचा पंजा हळूहळू मिटवून दाखवला. “आ, क्रेव्हेझों!” म्हणत बाईंनी फोन उचलला. गॅरेज पाचलाच बंद झालं होतं, पण पंधरा मिनिटांत पिकअपमधून एक पन्नाशीचा गडी आला. चाक काढलं, खिळा निघाला, दोरी भरली. तो फ्रेंचमध्ये, आबा मराठीत, दोघांचं चांगलं वीस मिनिटं चाललं होतं आणि मधे माझी गरज कुणालाच लागली नाही. आबांनी उरलेली तीन चाकं बुक्की मारून तपासली, त्यानेही एकावर मारून मान डोलावली. चाळीस डॉलर घेतले. मी ‘मेर्सी’ म्हटल्यावर तो ‘बियांव्हेन्यू’ म्हणाला. मला वाटलं स्वागत करतोय. क्युबेकमध्ये ‘त्यात काय’ असं म्हणायचं तर हाच शब्द.

जाताना त्याने दोन्ही हात डोक्याला लावून शिंगं केली, मावळत्या सूर्याकडे बोट दाखवलं आणि मान जोरात हलवली. म्हणजे ओरिन्याल, इंग्रजीत मूस. घोड्याहून उंच प्राणी, लांब पायांचा. गाडीचा धक्का पायांना बसतो आणि धड काचेवर येतं. संधिप्रकाशात तो रस्त्यावर येतो. गास्पे गावातली खोली सकाळी निघतानाच पैसे भरून ठेवली होती, तेव्हा जावं तर लागणारच होतं. साठच्या वेगाने गेलो, आबांची नजर उजव्या कडेवर, बायकोची डाव्या. एक दिसलाही. खड्ड्याकाठी उभा होता, आमच्याकडे ढुंकूनही न बघता. त्यानंतर अंधार पडल्यावर आम्ही कुठेच गाडी काढली नाही, तुम्हीही काढू नका.

गास्पेला झाक कार्त्ये या फ्रेंच दर्यावर्द्याने 1534 मध्ये क्रूस रोवला, ती जागा आम्ही दहा मिनिटांत बघितली. पेर्सेला मात्र दोन दिवस राहा. पाण्यात उभा असलेला तो 88 मीटर उंच आरपार भोकाचा खडक बघून आईने विचारलं, “याला कुणी शेंदूर कसा नाही लावला?” समोरच्या बोनाव्हेंच्यूर बेटावर गॅनेट पक्ष्यांची लाखाहून मोठी वसाहत आहे. वास आधी येतो, पक्षी नंतर दिसतात.

परतताना द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडून याल तेव्हा एक सांभाळा. खाडीपलीकडे न्यू ब्रन्सविक, तिथलं घड्याळ एक तास पुढे. मोबाईलला पलीकडच्या टॉवरची रेंज मिळाली की तो गुपचूप वेळ बदलतो. आम्ही साडेसातच्या नाश्त्यासाठी आवरून, बॅगा घेऊन खाली उतरलो तर सगळीकडे सामसूम, मालक झोपेच्या कपड्यांत दार उघडून बघतोय. मी त्याला मोबाईल दाखवून वाद घालायच्या बेतात होतो. आबांनी मनगट पुढे केलं. त्यांचं एचएमटी त्यांनी विमानातही बदललं नव्हतं, भारताच्याच वेळेवर होतं. त्यात चार वाजले होते. “साडेनऊ तास वजा कर,” ते म्हणाले, “साडेसहा. जा, झोप अजून तासभर.”