तपासणीला हो म्हण, ऑपरेशनचं नंतर बघू

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसरं औषध सुरू होऊनही महिन्यात तीन-चार फिट्स येतात, आणि आता डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढलाय. ‘म्हणजे माझी केस हाताबाहेर गेली का?’ असं तू विचारलंस. नाही गेली. मीही असंच समजून नऊ वर्षं काढली. गोळी बदल, डोस वाढव, पुन्हा बदल. त्या वर्षांची हळहळ अजून आहे, म्हणून तुला एवढं सविस्तर लिहितेय.

नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा प्रमाणात घेऊनही फिट्स थांबत नसतील, तर ती एपिलेप्सी (अपस्मार, म्हणजे हाच फिट्सचा आजार) औषधांना दाद न देणारी धरतात. साधारण तिघांतल्या एकाचं असं होतं. मग पुढच्या औषधाने फिट्स पूर्ण थांबतील ही आशा बरीच कमी होते. तुझे डॉक्टर वेळेवर बोलले.

आत्ता होकार द्यायचा तो फक्त ऑपरेशन जमेल का हे पाहणाऱ्या तपासणीला. ऑपरेशनला नाही म्हणायची मुभा शेवटपर्यंत तुझ्याकडेच राहते.

व्हिडिओ ईईजीची भीती वाटते म्हणतोस. मेंदूतल्या विद्युत लहरी टिपायला डोक्याला तारा चिकटवतात, समोर कॅमेरा असतो आणि काही दिवस पलंगावर काढायचे. गोळ्या मुद्दाम कमी करतात, कारण तिथे फिट यायलाच हवी असते. (हे फक्त तिथे, नर्स-डॉक्टरांच्या नजरेखाली. घरी एकही गोळी स्वतःहून कमी करू नकोस.) जिच्या धास्तीने मी रस्ता एकटीने ओलांडत नव्हते, तिचीच तीन रात्री वाट पाहिली. चौथ्या दिवशी पहाटे आली. ती नेमकी कुठून सुरू होते हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि मला रडू आलं ते सुटल्यासारखं वाटून.

स्मरणशक्तीच्या चाचण्या कंटाळवाण्या वाटतील, तरी मन लावून दे. १९५३ साली हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग) दोन्ही बाजूंनी काढला. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण मनात टिकेना, ती २००८ साली मृत्यू येईपर्यंत. त्यामुळे आता एका बाजूला हात लावण्याआधी दुसरी बाजू भार पेलेल का, हे पाहतात. माझं ऑपरेशन डाव्या टेम्पोरल भागाचं, म्हणजे कानशिलाजवळच्या मेंदूच्या भागाचं. माणसांची नावं आजही चटकन आठवत नाहीत. मला ते चालण्यासारखं होतं. तुझं काम शब्दांवर चालत असेल, तर हा प्रश्न सर्जनला आधीच विचार.

टेम्पोरल भागाच्या एपिलेप्सीसाठी २००१ साली ८० जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर ऑपरेशनच्या गटातले ५८ टक्के लोक शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त होते, नुसत्या औषधांवरच्या गटातले ८ टक्के. तुझ्या फिट्स दुसरीकडून निघत असतील, तर हे आकडे तुझे नव्हेत. तुझ्यासारख्या किती जणांवर ऑपरेशन केलंय आणि पुढे काय झालं, तेही सर्जनला विचार.

ऑपरेशन जमणार नसेल तर यंत्रं आहेत. व्हेगस नसेच्या (मानेतून मेंदूपर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूच्या) यंत्रात छातीवर कातडीखाली छोटी डबी बसवतात आणि तार मानेतल्या डाव्या नसेला जोडतात. फिट्स कमी होतात, पूर्ण थांबणं विरळा. गुण यायला महिने लागतात, विद्युतझटका सुरू असताना आवाज घोगरा होतो, आणि बॅटरी संपली की पुन्हा छोटं ऑपरेशन. थेट मेंदूत तारा बसवायची यंत्रंही आहेत, पण ती तुझ्यासाठी आहेत का, हे तपासणीनंतरच कळेल. गोळ्या मात्र काहीही केलं तरी लगेच सुटत नाहीत.

आईला यातलं काही सांगितलं नाहीस, असं लिहिलंयस. तिला काळजी लागेल, हे खरं. पण डॉक्टर विचारतील, आधी कुठला हात आखडतो, मान कुठे वळते, शुद्धीवर आल्यावर बोलायला किती वेळ लागतो. तू तुझी फिट कधी पाहिलेली नाहीस. तिने प्रत्येक पाहिली आहे. तिला बरोबर घेऊन जा.

तुझी,
ताई