‘गळ्याक कॅन्सर इलो’ म्हणणं बरोबर का?

मालवणहून एका वाचकाने विचारलं आहे: आत्याची किडनी कॅन्सरमुळे काढून बरीच वर्षं झाली. आता थायरॉइडमध्ये गाठ आली आणि तीही किडनीच्याच कॅन्सरची निघाली. घरात सगळे ‘गळ्याक कॅन्सर इलो’ म्हणतात, रिपोर्टवर ‘मेटास्टेसिस’ लिहिलंय. मग हा थायरॉइडचा कॅन्सर का? आणि मेटास्टेसिसला मराठीत काय म्हणावं?

थायरॉइडचा म्हणू नका. मालवणकर मुंबईत राहिला तरी आडनाव मालवणकरच, तसं कॅन्सरचं नाव मूळ जागेवरून पडतं. हा नुसता शब्दांचा काटेकोरपणा नाही. थायरॉइडच्या नेहमीच्या कॅन्सरवर किरणोत्सारी आयोडीन देतात. किडनीच्या पेशी आयोडीन शोषतच नाहीत, त्यामुळे इथे त्याचा उपयोग नाही.

ग्रीक ‘मेटास्टेसिस’चा शब्दशः अर्थ स्थानांतर. पण स्थानांतरात जुनी जागा सुटते. कॅन्सरची मूळ गाठ काढली नाही तर ती जागच्या जागी असतेच. ‘पसरला’ हा रुळलेला शब्द, चुकीचाही नाही. मात्र त्याने लगतच्या भागात सरकत जाणं डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात पेशी रक्तातून दूरवर जातात. किडनीत हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. तिथून सुटलेल्या पेशी रक्ताबरोबर बहुधा आधी फुप्फुसांत पोचतात. हाडं, यकृत, मेंदू हीसुद्धा नेहमीची ठिकाणं. पण या कॅन्सरच्या गाठी थायरॉइड, स्वादुपिंड, नाक, जीभ, अगदी डोक्याच्या कातडीतही सापडल्या आहेत. पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांना झडपा नसतात, हे अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ बॅट्सन यांनी १९४० साली दाखवलं. त्या शिरांतून रक्त उलटंही वाहू शकतं, म्हणून फुप्फुसं टाळून पेशी थेट डोक्याकडे जात असाव्यात, असं मानतात.

मला ‘रुजणे’ हे क्रियापद जवळचं वाटतं. रक्तात उतरलेल्या बहुतेक पेशी मरतात. जिथे मानवतं तिथेच एखादी धरते, तीही कधी दहा-वीस वर्षांनी डोकं वर काढते. इंग्रज सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली हे बी आणि जमिनीच्या भाषेतच मांडलं होतं.

तेव्हा ‘किडनीचा कॅन्सर थायरॉइडमध्ये रुजला’ म्हणा. आणि किडनी काढलेल्या माणसाच्या नाकातून वारंवार रक्त येऊ लागलं किंवा कुठे नवी गाठ लागली, तर ‘ते ऑपरेशन जुनं झालं’ म्हणून गप्प राहू नका. नव्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: कॅन्सरमुळे किडनी काढली आहे, अमुक साली.