मॉरिशसला यायचंय म्हणतोस, तर तिकडचे मराठी आणि तिकडचे चिनी यांच्याबद्दल सविस्तर

तुझा मेसेज दोनदा वाचला. म्हणजे मालवणात रिसॉर्टच्या किचनमधे आहेस, मॉरिशसच्या हॉटेलची ऑफर एजंटकडून आलीय, वहिनी बी.एड. करून शाळेत मराठी शिकवतात म्हणून त्यांनाही तिकडे मराठी शिकवायचं काम मिळेल असं तुम्ही धरून चाललाय, आणि गावात कुणीतरी सांगितलंय की तिकडे आपलेच लोक राज्य करतात पण पैसा सगळा चिन्यांकडे आहे. तर दादा हे खरं का आणि यायचं असेल तर कुणाला धरून राहायचं, असा तुझा प्रश्न. मी गुहागरचा, इथे हॉटेल लाइनमधेच आहे, दोन्हीकडच्या लोकांसोबत रोजचं काम आहे, त्यामुळे जे दिसतं ते लिहितो, लांबलं तर सांभाळून घे.

पहिलं म्हणजे 'आपले लोक राज्य करतात' हे डोक्यातून काढ. इथे पंतप्रधान एक अपवाद सोडला तर आजपर्यंत सगळे हिंदूच झाले हे खरं, पण ते भोजपुरी-हिंदीवाले, म्हणजे बिहार-यूपीकडून आलेल्यांचे वंशज. मराठी म्हणवणारे लोक साडेबारा लाखांच्या देशात दोन टक्क्यांच्या आसपास. चिनी पण साधारण तेवढेच, दोन-तीन टक्के. म्हणजे तू ज्या दोघांची तुलना करतोयस ते दोघंही इथले लहान समाज आहेत, आणि म्हणूनच तुलना करायला मजा येते, कारण संख्या सारखी असून दोघांची गाडी पार वेगळ्या रस्त्याने गेली.

आता ती कशी गेली ते बघ. १८३४ पासून इंग्रजांनी ऊसमळ्यांवर करारी मजूर आणायला सुरुवात केली, कारण गुलामगिरी बंद होत आली होती आणि ऊस तोडायला माणूस मिळणार नव्हता. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ह्या तीन बंदरांतून जवळजवळ पाच लाख माणसं इथल्या राजधानीच्या, पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली, तो धक्का आता आप्रवासी घाट म्हणून युनेस्कोच्या यादीत आहे, आलास की पहिल्या सुट्टीला जाऊन ये. मुंबईच्या बोटीत चढलेल्यांत आपल्या रत्नागिरीचे खूप, आणि तेव्हा रत्नागिरी म्हणजे तुझा सिंधुदुर्गपण त्यातच आला. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपयांच्या आसपास पगार आणि वर शिधा. आणि डबल कट नावाचा प्रकार होता, एक दिवस गैरहजर राहिलास तर दोन दिवसांचा पगार कापायचे. अशाने काय साठणार सांग? मळ्याच्या लाइनीत राहायचं, मळ्याच्या मालकाच्या परवानगीने बाहेर जायचं, आणि करार संपला तरी पास जवळ नसेल तर पोलीस पकडायचा. ऊसमळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले तेव्हा बऱ्याच हिंदुस्थानी मजुरांनी पैपै जोडून घेतले, त्यात मराठीही होते, पण सुरुवात ही शून्याच्याही खालून होती.

चिनी लोक मुख्यतः नंतर आले आणि बहुतेक जण स्वतःच्या तिकिटाने आले. आधी फुजियान आणि कँटनचे, मग हाक्का लोक, ग्वांगडाँगमधल्या मेईशियानचे. आधी आलेला नातेवाईक पुढच्याला बोलवायचा, त्याच्याच दुकानात तो पोरगा झोपायचा, जेवायचा, काम शिकायचा, आणि चार पैसे झाले की पुढच्या गावात आपलं दुकान टाकायचा. बघता बघता प्रत्येक मळ्याच्या तोंडाशी, प्रत्येक गावाच्या नाक्यावर एक 'लाबुतिक सिन्वा', म्हणजे चिन्याचं दुकान, उभं राहिलं. अजूनही काही शिल्लक आहेत, लाकडी फळ्या, वर पत्रा, एका बाजूला तांदूळ-डाळ-खारवलेला मासा आणि दुसऱ्या बाजूला रमची बाटली घेऊन उभी असलेली माणसं. व्यवहार सगळा वहीवर. मजुराची एक वही, दुकानदाराची एक, पगार झाला की हिशोब. आपल्याकडे गिरणीत गेलेल्या चाकरमान्याची मनीऑर्डर येईपर्यंत गावचा वाणी घरच्यांना जसं उधारीवर सांभाळायचा ना, अगदी तसं. त्यामुळे चिनी दुकानदार गावाला नकोसा कधी झाला नाही, पण गावातला प्रत्येक माणूस त्याचं देणं लागत होता हेही खरं. आणि तो काउंटरच्या त्या बाजूला होता, आपला माणूस ह्या बाजूला. माझ्या मते पुढचा सगळा फरक तिथून पडत गेला.

खिशात पैसे आले की इथली पंचवीसची नोट नीट बघ. त्यावर मोयलिन जाँ आह-चुएन यांचा फोटो आहे. १९३१ मधे एबीसी नावाचं दुकान काढलं, त्याचा पुढे मोठा उद्योगसमूह झाला आणि ते स्वतः मंत्री झाले. १९७० मधे निर्यातीसाठी खास सवलती देणारा कायदा आला आणि कपड्याचे कारखाने उभे राहिले, त्या कल्पनेचं श्रेय एदुआर लिम फात ह्या चिनी प्राध्यापकाला देतात. हाँगकाँगचा पैसा आला, गावागावातल्या बायका स्वेटरच्या कारखान्यात जायला लागल्या, त्यात मराठी घरच्यापण होत्या. पहिल्यांदा घरात दुसरा पगार आला तो असा. नंतर २००५ च्या सुमारास कपड्यांच्या निर्यातीची जागतिक कोटा पद्धत संपली तसे बरेच कारखाने गेले, ती वेगळी कथा.

म्हणजे चिन्यांचा रस्ता दुकान, मग कारखाना, मग पोरं डॉक्टर-अकाउंटंट, मग ती पोरं कॅनडा-ऑस्ट्रेलियाला. हा शेवटचा टप्पा तुझ्या गावातल्या सांगणाऱ्याला माहीत नसणार. पोर्ट लुईच्या चायनाटाउनमधे रॉयल रोडवर संध्याकाळी फिर, कितीतरी दुकानांच्या शटरवर गंज आहे. म्हातारा-म्हातारी गल्ल्यावर, मुलगा टोरोंटोला. सुपरमार्केटनी उधारीची वही मारली. तरीपण सरासरीने बघितलंस तर चिनी घर हे आजही मराठी घरापेक्षा सुस्थितीत असतं असं मला दिसतं, स्वतःचा धंदा, चांगल्या शाळा, परदेशी पासपोर्ट. मात्र खरा जुना पैसा चिन्यांकडेपण नाही बरं का. ऊसमळे, जमिनी, मोठमोठी हॉटेलं, हे मुख्यतः गोऱ्या फ्रेंच वंशाच्या घराण्यांच्या कंपन्यांकडे आहे, ते पण दोनच टक्के. तुझं कॉन्ट्रॅक्ट बहुधा त्यांच्यातल्याच कुठल्यातरी ग्रुपशी असेल. आणि सगळ्यात खाली कोण तर गुलामांचे वंशज क्रिओल, त्यांच्याकडे ना दुकान गेलं ना सरकारी खुर्ची, त्यांच्याबद्दल इथे आपल्या लोकांच्या तोंडून जे ऐकू येतं ते ऐकून कधीकधी लाज वाटते.

मराठ्यांचा रस्ता सरकारचा. इथे मराठा म्हणजे जात नव्हे, मराठी बोलणाऱ्यांचा वंशज एवढंच. १९६८ ला स्वातंत्र्य आलं, हिंदू बहुसंख्य म्हणून सत्ता त्यांच्या पक्षाकडे गेली, आणि मजुराच्या नातवाला शाळा, मग मास्तरकी, पोलीस, नर्स, मंत्रालयातला क्लार्क अशी दारं उघडली. माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात एकतरी सरकारी पगार आहे. स्लॅबचं घर, गाडी, मुलं युनिव्हर्सिटीत, कर्जाचे हप्ते, आपल्याकडच्या रत्नागिरी शहरातल्या बँकवाल्याचं घर असतं तसंच साधारण. श्रीमंत म्हणता येणार नाही, पण बोटीतून उतरलेल्या माणसाच्या मानाने खूप पुढे. धंदा करणारे आहेत, कमी आहेत.

राजकारणातला एक गंमतशीर भाग सांगतो. इथल्या घटनेत चारच समाज मोजतात: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे 'जनरल पॉप्युलेशन'. संसदेत ६२ निवडून येतात आणि ज्या समाजाचे कमी पडले त्यांच्यासाठी हरलेल्यांतून आठपर्यंत जागा भरतात, त्याला बेस्ट लूझर म्हणतात, आणि त्याचा हिशोब अजून १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद झालं. आता ह्यात चिन्यांना दोन-तीन टक्के असून स्वतःचा रकाना आहे, आणि मराठी मात्र हिंदूंच्या पोटात. त्यामुळे मराठी पुढाऱ्यांचं सगळं बळ 'आम्ही वेगळे आहोत' हे दाखवण्यात जातं. तमिळांचंही तेच. १९९८ मधे नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापली म्हणून एवढा गदारोळ झाला की नोटा मागे घ्याव्या लागल्या. तुला हसू येईल, पण इथे नोकरी-बढतीच्या गप्पा पण अशाच मोजून मापून होतात, कुठल्या खात्यात कुणाचे किती.

ह्या वेगळेपणाचा फायदा असा झाला की मराठीला सरकारी मान मिळाला. शाळेत मराठी विषय घेता येतो, मोका नावाच्या गावी महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे, टीव्हीवर मराठी कार्यक्रम असतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी. चिन्यांना पण नववर्षाची सुट्टी आहे, पण त्यांची हाक्का बोली म्हातारे गेले की गेली, बरेचसे कॅथलिक झालेत, नावं जाँ आणि मारी. पैसा वाढत गेला तशी भाषा सुटत गेली. आपल्यांची भाषा सरकारी वेळापत्रकात टिकली, घरात मात्र नाही, घरात क्रिओलच, म्हणजे फ्रेंचवरून झालेली इथली सगळ्यांची बोली. तू 'कसं काय' म्हणालास तर हसतील, आणि उत्तर क्रिओलमधे देतील.

पण एक गोष्ट मला अजून चकित करते. गणपतीत वाक्वा, कास्काव्हेल अशा ठिकाणी गेलास तर झाकरी बघायला मिळेल. आपली जाखडीच रे, बाल्या डान्स. मधे ढोलकी-झांज घेऊन बसलेले, भोवती गोल धरून पोरं, तोच एक पाय पुढे टाकून मागे घ्यायचा ठेका, शब्द निम्मे ओळखीचे निम्मे झिजलेले. नाचणाऱ्याला विचारलं अर्थ काय, तर म्हणाला माहीत नाही, आजाने शिकवलं. आमच्या वाडीत शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या लावणाऱ्या पोरांना पण सगळा अर्थ कुठे माहीत असतो म्हणा.

आता तुझ्या कामाचं. इथले मराठी तुला प्रेमाने वागवतील, गणपतीला जेवायला बोलावतील, पुरणपोळी वाढतील, भाड्याची खोली शोधून देतील. पण तू त्यांच्यासाठी 'इंडियाहून आलेला' आहेस, परमिटवरचा माणूस, ते मॉरिशियन आहेत आणि त्यांना ते मिरवायला आवडतं, त्यात काही चूक नाही. त्यांची आडनावं ऐकून 'मूळ गाव कुठलं' असं पहिल्याच भेटीत विचारू नकोस. बोटीवरच्या कारकुनाने पणजोबाचं पहिलं नाव लिहिलं तेच आडनाव होऊन बसलंय, चिन्यांचंही तसंच झालंय, आजोबाचं पूर्ण नाव आता नातवाचं आडनाव. गाव बऱ्याच जणांना खरंच माहीत नाही आणि आपण खोदून विचारलं की ते ओशाळतात. महात्मा गांधी संस्थेत जुन्या नोंदी आहेत, ज्यांना शोधायचंय ते तिथे शोधतात.

वहिनींचं स्पष्ट सांगतो. मराठी मास्तरकी ही इथे सरकारी पोस्ट आहे, त्यावर पहिला हक्क नागरिकांचा, आणि त्याच संस्थेतून शिकलेली इथली मुलं त्या जागांसाठी थांबून असतात. लहान समाजाला मिळालेली मोजकी पदं आहेत ती, बाहेरून आलेल्याला देतील असं धरू नकोस. तुझ्या परमिटवर त्या सोबत आल्या तरी त्यांना काम करता येईलच असं धरू नकोस, वेगळं परमिट लागतं का ते आधी विचारून घे. म्हणून हिशोब एकाच पगारावर कर. इथला एक रुपया आपल्या दोन रुपयांच्या आसपास पडतो, आकडा बघून हुरळू नकोस, कारण तांदळापासून डाळीपर्यंत बहुतेक सगळं बोटीने येतं आणि भाव तसाच असतो.

ओळखीने काम होतं का, तर हॉटेलच्या किचनमधे नाही, तिथे हात आणि फ्रेंच बघतात. ऑफिसची भाषा इंग्रजी, पेपर फ्रेंच, किचनमधल्या शिव्या क्रिओल. यायच्या आधी क्रिओल यूट्यूबवर शिकायला लाग, दोन महिन्यांत कामापुरतं येतं, मराठी मंडळापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. चिनी मालकाच्या रेस्टॉरंटची ऑफर पुढेमागे आली तर पगार नीट लिहून घे, तास लांब असतात, पण धंदा शिकायचा असेल तर त्यांच्याकडे शिकण्यासारखं खूप आहे, मी स्वतः खरेदीचा हिशोब त्यांच्याकडेच शिकलो.

आणि परमिट मालकाशी बांधलेलं असतं. नोकरी गेली की परमिट गेलं. टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू, असं एजंट म्हणाला तर तिथेच फोन ठेव. त्याचा लायसन नंबर भारत सरकारच्या इ-मायग्रेटच्या साइटवर तपास. करारात मूळ पगार वेगळा आणि भत्ते वेगळे लिहिलेत का, ओव्हरटाइम कसा धरणार, राहायची खोली किती जणांत, परतीचं तिकीट कुणाचं, वर्षअखेरचा बोनस (इथे कायद्याने आहे) लिहिलाय का, एवढं बघ. कागद आला की नाव-पगार खोडून फोटो पाठव, मी वाचून सांगतो. आणि नोकरी सोडल्याचा कागद तिकडच्या मालकाला घाईने देऊन मोकळा होऊ नकोस, इथलं परमिट हातात येईस्तोवर मालवणचा पगार चालू ठेव.